पूर्वेकडेच जायचं

पासपोर्टच्या रांगेत निवृत्त कंडक्टर आणि त्यांची बायको पुढे होती. मागच्या मुलीने कानातली गाणी बंद केली. इथे जास्त मजा होती.

"दहा वर्षांचा पासपोर्ट संपला, अहो. एक शिक्का नाही!"

"जगप्रदक्षिणेच्या तिकिटाचा भाव उतरायची वाट बघत होतो ना मी."

"नात चार वर्षांची झाली. फोनमधले आजी-आजोबा आपण!"

"अगं, बेत पक्का आहे. एकाच दिशेने, पूर्वेकडेच जायचं, म्हणजे स्वस्त पडतं. अकरा विमानं, वाटेत नातीचं गाव."

"आणि झोपायचं कुठे?"

"विमानतळावर. खुर्च्यांवर."

"म्हणजे जगभरच्या खुर्च्या बघायच्या!"

"हस. तीस वर्षं लोकांना तिकिटं फाडून दिली, स्वतःचं काढताना मात्र हात थरथरतो. कंडक्टर कसला मी!"

"थरथरू दे. मी काढलंय काल. दोघांचं, थेट नातीकडे."

"कितीला?"

"सांगणार नाही. रद्द करायला धावाल."

"खिडकीची जागा आहे ना?"

"तुम्हाला. मला कळतं."

कंडक्टरांनी नाक पुसलं आणि मग खच्चून ओरडले, "चला, पुढे सरका!"

अख्खी रांग मुकाट्याने पुढे सरकली.