मागे राहिलेली पोटली

स्पृहा : पण गंगूबाई, हे कोंब आले कसे? शनिवारी संध्याकाळी उबेच्या पेटीची लाइट गेली, ती आज सकाळी आली. मधे दोन रात्री कसली थंडी पडली. मी तर जालन्याहून येताना मनाची तयारी करूनच आले होते, की खरबुजाचं सगळं बी गारठून गेलं असेल.

गंगूबाई : तेच तर. चौकीदारानं मला फोन केला, लाइट गुल आहे म्हणून. मी म्हटलं, मॅडम गावी गेल्यात, त्यांची प्रयोगाची सहा महिन्यांची मेहनत अशी ठंडीत मरू द्यायची का? ओल्या बियांच्या सहाच्या सहा पोटल्या पिशवीत घातल्या आन् परदेशीपुऱ्यात घरी नेल्या.

स्पृहा : घरी नेल्या?

गंगूबाई : हाओ. पाच रजईत दाबून ठेवल्या. फिकर करू नका, हातमोजे घालूनच उचलल्या. तुम्ही सांगितलं होतं ना. माझ्या हाताला थेंब लागू दिला नाही.

स्पृहा : पाच रजईत. आणि सहावी?

गंगूबाई : ही हिरव्या दोऱ्याची? ही सगळ्यात मागे होती. बाकीच्यांची तोंडं उघडली, हिचा एक दाणा हलेना. मला दया आली. मग आमच्या माहेरी करायचे तसं केलं. नर्मदेच्या काठी, रेतीत आमची खरबुजाची वाडी होती. मागे पडलेलं बी ओल्या कपड्यात बांधायचं आन् घरातल्या पोटुशीच्या पोटाशी द्यायचं. तिच्या अंगात दोन जिवांची ऊब असते. कितीही हट्टी बी असो, उगवतं.

स्पृहा : कोणाच्या पोटाशी दिली, गंगूबाई?

गंगूबाई : पूर्वाच्या. आमच्या पीयूषची बायको, माझी सूनच पोटुशी आहे, अजून कोण? सातवा लागलाय. गाऊनच्या आत ओढणीनं बांधून दिली, काल सकाळपासून आज सकाळपर्यंत. बघा ना, कसे पांढरेशुभ्र आलेत. मॅडम, अशा काय बघताय?

स्पृहा : बसा जरा.

गंगूबाई : बसत नाही. आधी बोला.

स्पृहा : एका पुरचुंडीत साधं पाणी आहे. बाकी पाचांना वेगवेगळी औषधं, रोपानं खाऱ्या पाण्यात तग धरावा म्हणून. त्यातलं हिरव्या दोऱ्याचं जे आहे, ते वाढ आवरतं.

गंगूबाई : आवरतं मतलब?

स्पृहा : रोपाला उंच होऊ देत नाही. वर वाढलं नाही की मुळं घट्ट धरतात, मीठ सोसतं. ती पुरचुंडी कमजोर म्हणून मागे नव्हती. औषधानंच तिला मागे धरलं होतं.

गंगूबाई : वाढ थांबवणारं औषध. आन् मी ते पोरीच्या पोटाला बांधलं.

स्पृहा : ऐका माझं. त्यात औषध फार थोडं असतं, लिटरभर पाण्यात चिमटीहून कमी. आणि झाडाची वाढ वेगळी, माणसाची वेगळी.

गंगूबाई : मग त्या औषधाचा डबा परत परत का वाचताय?

स्पृहा : कारण डब्यावर लिहिलंय, गरोदर बाईनं हाताळू नये. मी ते वाचलं होतं. तुम्हाला नुसतं हातमोजे घाला म्हटलं, कशासाठी ते सांगितलं नाही. चूक माझी आहे.

गंगूबाई : चूक कोणाची ते मागून बघू. तिचं पहिलं पाचव्या महिन्यात गेलं, मॅडम. भिंतीकडे तोंड करून आठ दिवस पडून होती. या वेळी मी तिला पाण्याची बादली उचलू दिली नाही, आन् हे असं करून बसले. फोन तुम्ही लावा. माझ्या बोटांनी लागायचा नाही.

पूर्वा : हॅलो, दीदी? किती उगवले? आई तर सकाळी एकदम खूश होऊन गेल्या.

स्पृहा : पूर्वा, मी सांगते ते शांतपणे ऐक. पोट आणि कंबर साबणानं धुऊन घे, दोनदा. गाऊन आणि ती ओढणी वेगळ्या पिशवीत टाक.

पूर्वा : का? काय झालं?

स्पृहा : त्या बियांना औषध लावलेलं होतं. कुठे खाज, लाली आहे का?

पूर्वा : नाही. बस, ओलं-ओलं लागत होतं, रात्रभर नींद नाही आली. दीदी, एक विचारू? बेबीनं सकाळपासून किक नाही मारली. मी सोचलं, झोपलं असेल. हे त्याच्यामुळे आहे का?

स्पृहा : मला माहीत नाही, पूर्वा.

पूर्वा : माहीत नाही मतलब? औषध तर तुमचंच आहे ना.

स्पृहा : हो, माझंच आहे. म्हणून सांगते, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. पीयूषला सियागंजचं दुकान सोडून यायला सांग. तो येईपर्यंत डाव्या कुशीवर पड. औषधाचं नाव मी तुला पाठवते, ते डॉक्टरांना दाखव.

पूर्वा : आईंना द्या फोन.

गंगूबाई : बोल, बेटा.

पूर्वा : आई, तुम्ही रडू नका. तुम्ही रडलात की मला जास्त डर लागतो.

गंगूबाई : रडत नाही मी. निघालेच, रिक्षा करून येते. तू पोटावर हात ठेवून पडून राहा. काही हललं तर लगेच मला सांग.

स्पृहा : चला, मी फाटकापर्यंत येते. हे कोंब आधी फेकून देते. मला ते डोळ्यांसमोर नकोत.

गंगूबाई : फेकू नका.

स्पृहा : आता त्यांचं काय करायचंय?

गंगूबाई : तिच्या अंगावर फुटलेत ते. आज फेकायचे नाहीत. तुम्ही शिकलेल्या आहात, हसा मला, पण मातीत लावा.

स्पृहा : हसत नाही. लावते. पण दुपारी माझे मार्गदर्शक सर प्रयोग बघायला येणार आहेत, त्यांच्यासमोर सगळ्या कुंड्यांना खारं पाणी द्यायचं ठरलंय. त्यात बरेचसे मरतात, गंगूबाई.

गंगूबाई : मग किती मेले ते मला सांगू नका.

(दुपारी साडेतीन. दोघी फोनवर.)

गंगूबाई : मॅडम, बाळाची धडधड लागली. डॉक्टरीणबाईंनी मशीनवर ऐकवली.

स्पृहा : आणि हलतंय?

गंगूबाई : पूर्वा म्हणते, एकदा पाय मारला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध अंगात गेलं असेल तर थोडंच गेलं असेल. पण काहीच होणार नाही, असं नाही म्हणाल्या. मी दोनदा विचारलं. आता दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करून बाळाची वाढ मोजणार.

स्पृहा : दर वेळी मी येईन.

गंगूबाई : अजून अडीच-तीन महिने आहेत. तेवढे दिवस मी तिच्या पोटाकडे कशी बघू? पीयूष माझ्याशी बोलत नाही.

स्पृहा : आणि पूर्वा?

गंगूबाई : तिनं माझा हात धरून ठेवलाय. तिलाही भीती वाटतेय, पण सोडत नाही. मॅडम, सर येऊन गेले?

स्पृहा : आत्ताच गेले.

गंगूबाई : मी म्हटलं होतं सांगू नका. पण राहवत नाही. खारं पाणी दिलं?

स्पृहा : कुंड्यांच्या पाच ओळींना दिलं.

गंगूबाई : आन् हिरव्या दोऱ्याच्या?

स्पृहा : वहीत खारं लिहिलंय. घातलं गोडं. उद्याही गोडंच घालीन.