थोडी मोठी झालेली नळी

दिनांक १७ डिसेंबर २०१९, मंगळवार. जबाब लिहिण्यास सुरुवात सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी.

नाव: एरिबेर्तो तबोर्दा. वय: ७३ वर्षे. धंदा: टर्नर, दुकान बंद करून सहा वर्षे झाली, लेथ घरी आहे. शिक्षण: चौथीपर्यंत. राहणार: लास गुआदुआस वस्ती, तिसरी गल्ली, निळ्या फाटकाचे घर, दोस्केब्रादास.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. माझी बायको नूबिया चार वर्षांपूर्वी वारली. मला एकच मुलगा आहे, दुव्हान, वय ३४. तो १४ फेब्रुवारी २००८ रोजी स्पेनला गेला आणि तिथे मुर्सियाजवळ भाजी बांधण्याच्या कारखान्यात आहे. कागदपत्रे पुरी नसल्यामुळे तो आईच्या वेळी येऊ शकला नाही. याचा या प्रकरणाशी संबंध नाही. जबाब लिहून घेणाऱ्या उपनिरीक्षक मॅडमनी घरात कोण कोण असते असे विचारले म्हणून सांगितले.

आज सकाळी ९ वाजून २० मिनिटांच्या सुमारास मी घराच्या दारात उभा होतो. माझ्या हातात ॲल्युमिनियमची एक नळी होती. ती मी डोळ्याला लावून उजेडाकडे धरली होती. नळीचे आतले भोक घासून झाले की ती उजेडाकडे धरून बघतात. आतल्या गोल रेघा एकसारख्या दिसल्या तर काम बरोबर झाले असे समजतात. हे दाराशिवाय होत नाही, कारण माझ्या कामाच्या खोलीला खिडकी नाही. समोरच्या गच्चीवर शेजारीण ओफेलियाबाई कपडे वाळत घालत होत्या, हे मी पाहिले नव्हते. त्या ओरडल्या, "अहो एरिबेर्तो! म्हातारपणी माझ्यावर बंदूक रोखता होय?"

मी म्हणालो, "बंदूक कसली, आतल्या रेघा बघतोय."

त्या म्हणाल्या, "माझ्या चादरींवर कसल्या रेघा बघताय? थांबा, फोनच करते." त्यांनी फोन केला. चाळीस वर्षे आम्ही समोरासमोर राहतो. माझी त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही, हेही लिहून घ्यावे.

९ वाजून ५० मिनिटांनी मोटारसायकलवरून दोन शिपाई आले. त्यातले एक बुइत्रागो, इथे हजर आहेत. त्यांनी विचारले, "काय हो आजोबा, नळ्या बनवता? कुणासाठी?" मी घाबरलो आणि म्हणालो, "मुलासाठी." "मुलगा कुठे आहे?" असे विचारल्यावर मी म्हणालो, "नाही इथे." त्यामुळे त्यांचा गैरसमज झाला असावा. मी तेव्हाच नीट सांगायला हवे होते. 

त्यांनी घरातून ताब्यात घेतलेल्या वस्तू अशा: वरील नळी एक, ती जिला बसते ती पेंटबॉलची, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारण्याच्या खेळाची, बंदूक एक, जिला खेळणारे मार्कर म्हणतात, घासायचा लाकडी दांडा एक, बिस्किटांचा पत्र्याचा डबा एक, त्यात रंगाच्या गोळ्या ३७. गॅसची बाटली सापडली नाही, कारण ती नाहीच. जाताना दुव्हानने ती मित्राला देऊन टाकली. बाटलीशिवाय मार्करमधून काहीही सुटत नाही.

मार्कर दुव्हानचा आहे. जुन्या वीटभट्टीच्या मैदानावर दर रविवारी तो आणि त्याचे मित्र असे सहाजण खेळत. रंगाच्या गोळीचे कवच जिलेटिनचे असते, त्यामुळे पावसाळी हवेत गोळी फुगते. फुगलेली गोळी घट्ट नळीत फुटते आणि सगळा रंग आतच सांडतो. दुव्हानची नळी घट्ट होती. तो तोंडाला रंग माखून घरी यायचा आणि नूबिया म्हणायची, "हा दुसऱ्यांना मारतो की स्वतःला?" २००७ च्या ऑक्टोबरात तो मला म्हणाला, "अपा, जरा घासून द्या ना. एक दशांश मिलिमीटर. तुम्हाला अर्ध्या तासाचं काम."

मी म्हणालो, "बघू." त्याने परत विचारले तेव्हा मी म्हणालो, "काढलेलं ॲल्युमिनियम परत चिकटवता येत नाही. मोठं झालेलं भोक लहान होत नाही. घाई कशाला?" तेव्हा मला ते बरोबर वाटत होते. त्याने चार वेळा विचारले. फेब्रुवारीत तो गेला. मार्कर आणि डबा कपाटावर राहिला.

या महिन्याच्या ८ तारखेला, रविवारी, नेहमीप्रमाणे त्याचा फोन आला. कागदपत्रे झाली, शनिवारी २१ तारखेला येतो, नऊ दिवसांची सुट्टी आहे, असे त्याने सांगितले. मग म्हणाला, "मार्कर आहे का अजून, अपा? रविवारी पोरांबरोबर एक डाव टाकू. पण नळी काय, तशीच घट्ट असेल." आणि हसला. मी म्हणालो, "बघू." माझ्या तोंडून तेच आले.

सोमवारी ९ तारखेला सकाळी मी काम सुरू केले. भोक १७.३५ मिलिमीटर होते, तीन वेळा मोजले. लाकडी दांडा टोकाला चिरून त्यात पॉलिश पेपर अडकवला, दांडा लेथला लावला आणि नळी हातात धरून पुढे-मागे केली. मधून मधून तेल, मग पुसणे, मग गोळी घालून बघणे. गोळी बघण्याची रीत अशी: ती नळीत आपणहून घरंगळता कामा नये आणि तोंडाने एक फुंकर मारली की निघून गेली पाहिजे. गोळी जाईना म्हणून मी घासत गेलो. अर्ध्या तासाच्या कामाला मला आठ दिवस लागले, कारण दर वेळी थांबून मी पुन्हा मोजत होतो. काल संध्याकाळी भोक १७.८० झाले आणि गोळी बरोबर बसली. मी डब्यातल्या सगळ्या, सदतीस, एक एक घालून पाहिल्या. सगळ्या बरोबर बसल्या.

उपनिरीक्षक मारितसा किसेनो मॅडमनी विचारले की नळी रुंद केल्याने मार्करमध्ये खरी काडतुसे घालता येतात का. मी नाही म्हणालो. तेव्हा शिपाई बुइत्रागो म्हणाले, "मॅडम, मी खेळतो हे. दाखवतो." त्यांच्या पिशवीत नव्या गोळ्यांचे पाकीट होते. त्यांनी नळी उभी धरून वरून नवी गोळी टाकली. ती कुठेही न अडकता खालून बाहेर पडली आणि मॅडमच्या टेबलाखाली गेली. त्यांनी दुसरी टाकली. तीही गेली.

बुइत्रागो म्हणाले, "आजोबा, यातून नेम कसला धरणार? ही नळी आहे की पन्हाळ?"

मॅडमनी माझ्याकडे बघितले. मी मोजायला व्हर्नियर मागितला, पण ठाण्यात नव्हता. मग मी नवी गोळी आणि डब्यातली गोळी शेजारी शेजारी टेबलावर ठेवली. डब्यातली मोठी होती. नुसते बघूनही कळत होते. डबा चुलीच्या वरच्या कपाटावर होता आणि तिथे रोज कॉफीची वाफ जाते. बारा पावसाळे म्हणता येतील. गोळ्या फुगतात हे मला माहीत होते, वर मीच सांगितले आहे. तरी मी त्यांच्याच मापाने नळी घासली.

मॅडमनी विचारले, "नव्या गोळ्या का नाही आणल्या मापाला? मैदान तर पंधरा मिनिटांवर आहे, तिथे मिळतात."

मी टेबलावरची जुनी गोळी उचलून परत डब्यात ठेवली. 

त्यानंतर बुइत्रागो यांनी डब्यातली एक गोळी नळीत घातली. ती बसली. त्यांनी नळी तोंडाला लावून फुंकर मारली. गोळी सरळ गेली आणि समोरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या खाली फुटली. रंग नारिंगी होता. अजून ओला होता. मॅडम म्हणाल्या, "बुइत्रागो, आता ते पुसणार कोण?" ते म्हणाले, "पण बघा ना मॅडम, बारा वर्षांची गोळी! काय सरळ गेली!" मी पुसतो म्हणालो, मॅडमनी बसा म्हटले. तेव्हा डब्यात आता ३६ आहेत.

ही नळी हत्यार नाही, हे मॅडमनी मान्य केले आहे. परंतु जप्त केलेली वस्तू तीस दिवस ठेवण्याचा नियम आहे असे त्यांनी सांगितले. माझी विनंती अशी की, दुव्हान शनिवारी येतो आणि तीस तारखेला परत जातो. भोक लहान होत नाही हे खरे, पण आत पितळेची पातळ नळी ठोकून बसवता येते आणि ती नव्या गोळीच्या मापाने घासता येते. त्याला मला दोन दिवस लागतील. या वेळी मी सारखा मोजत बसणार नाही. नळी उद्या मिळाली तर शुक्रवारी होईल. पितळ माझ्याकडे आहे.

मॅडम बाहेर जाऊन फोनवर बोलून आल्या. त्यांनी सुपुर्दनाम्यावर नळी आणि मार्कर आजच देण्याचे कबूल केले. जुना डबा ठाण्यातच टाकून देऊ का, असे बुइत्रागो यांनी विचारले. मी नको म्हणालो. डबाही परत मिळावा. नव्या मापाला त्या गोळ्या बसणार नाहीत हे मला कळते. त्यांनी आपल्या पाकिटातली एक नवी गोळी मापासाठी मला दिली, ती मी वरच्या खिशात ठेवली आहे.

लेथमुळे माझा डावा कान कमी ऐकतो, म्हणून हा जबाब मॅडमनी मला उजव्या बाजूला बसून दोनदा वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे. सुपुर्दनाम्यात मात्र वस्तूच्या वर्णनापुढे "निरुपयोगी नळी" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले आणि तिथे "थोडी मोठी झालेली नळी" असे लिहून घेतले. खोडलेल्या जागी माझी एक सही आहे आणि इथे खाली दुसरी.

एरिबेर्तो तबोर्दा
दुपारी १ वाजून ५ मिनिटे