पोकळ ठेवायची भिंत

— नाही हो साहेब, बसा तुम्ही, बिल्डरचा माणूस काही लगेच येत नाही. गच्चीची किल्ली म्हणे सापडत नाही. तुम्ही तपासणीला येणार हे आठवडाभर ठाऊक होतं ना, मग आजच बरी हरवली? वर त्यांचा राडा पडला असेल, तो आवरून होईपर्यंत तुम्हाला जिन्यात ताटकळत ठेवायचं, दुसरं काय. पाणी घ्या. पंख्याखाली सरका. लिफ्टमधून उतरलात तेव्हाच मी ओळखलं — हातात फाईल, नजर छताकडे, म्हणजे हिरव्या दाखल्याचे साहेब. या मजल्यावर कोण आलं, कोणाकडे आलं, किती वेळ बसलं, सगळं मला कळतं. भोचक म्हणतात मला. म्हणोत बापडे, पण अडल्यावर बेल माझीच वाजवतात.

खाली काय काय दाखवलं तुम्हाला? मी सांगते. सायकलींचा स्टँड दाखवला असणार. तुमच्या नियमात आहे म्हणून बसवलाय, अख्ख्या इमारतीत सायकल एकाकडेही नाही, वॉचमन त्यावर चड्ड्या वाळत घालतो — आज काढल्या असतील. मग पार्किंगमधले ते आपोआप लागणारे दिवे. लागतात हो, लागतात. पण आपण सामानाच्या पिशव्या घेऊन जरा दम खायला थांबलो, की आपण मेलो असं समजून विझतात. मग अंधारात हात हलवत उभं राहायचं, वेड्यासारखं. आणि पहिल्या मजल्यावरचा तो नमुन्याचा फ्लॅट — तिथं भिंतीला हात लावायला सांगितला ना तुम्हाला? लागली ना गार? लागणारच. तो पूर्वेला आहे.

किळस येते मला, खरं सांगते. नियमाची नाही हं, नियम चांगलाच आहे. ऊन अडेल, वारा खेळेल, पाणी जमिनीत मुरेल अशी इमारत बांधा, आणि बांधलीत तर वर एक मजला जादा चढवायची परवानगी घ्या. कोणीतरी शहाण्या माणसानं विचार करूनच केलं असेल की नाही — नुसतं दटावून हे लोक ऐकत नाहीत, तर पोरासारखं काहीतरी हातावर ठेवा. पण यांचं सगळं लक्ष हातावरच्या खाऊत. उन्हाचं काय, वाऱ्याचं काय? दारात पाटी लावायला ठेवलीय आधीच, ‘हिरवी इमारत’, वर कापड टाकून. तुमची सही झाली की कापड ओढणार. थू.

आता कामाचं बोलते. तुम्ही माझ्या शेजारच्या दारात चला, पाच मिनिटं फक्त. घड्याळवाले काका राहतात. तुमच्या यादीत तो फ्लॅट नाही, माहीत आहे मला — पण पश्चिमेचा कोपरा तोच. दुपार कलली की ती भिंत अशी तापते, की रात्री झोपताना काका खाट खोलीच्या मधोमध ओढतात. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली माणसानं, अजून लोक शोधत येतात. पण आता जेवणानंतर कामच होत नाही. घामानं चिमटा निसटतो, स्प्रिंग कुठल्या कुठे उडते, मग आम्ही दोघं बसतो फरशीवर शोधत. मागच्या महिन्यात ते स्वतःच पडलेले सापडले मला त्या फरशीवर. डॉक्टर म्हणाले, उष्णतेनं झालं. लेक आली, रडली, आणि आता येत्या रविवारी घेऊन जाणार आहे — स्वतःच्या घरी नाही, तिथं जागा नाही, कुठंतरी सोय केलीय, जिथं खाटेशेजारी घंटा असते. काका म्हणाले, भिंत नीट झाली तर? ती म्हणाली, झाली तर बघू. म्हणजे आता सगळं तुमच्यावर आहे, साहेब. तुम्ही आज ‘भिंत सदोष’ असं लिहिलंत, तर बिल्डरला ती दुरुस्त केल्याशिवाय वरचा मजला नाही. मग करेल, झक मारत करेल. आणि सही करून गेलात, तर काका गेले.

नकाशात बरोबर आहे? असेलच हो. मी कुठे नाही म्हणते? नकाशात दोन भिंती आहेत आणि मध्ये पोकळी, चार बोटांची. ती पोकळीच तर ऊन अडवते — बाहेरची भिंत तापली तरी आतलीला झळ लागत नाही. बघा, मला समजतं. मी काही फार शिकलेली नाही, पण मला नीट समजावून सांगितलं की समजतं. भिंत बांधणाऱ्याला कोणी समजावलंच नाही ना. तो इंजिनियर गाडीतून उतरायचासुद्धा नाही, काच खाली करून ‘दोन भिंती, मध्ये फट’ एवढंच बोलायचा, काच वर करायचा आणि जायचा. आता मिस्त्री माणूस काय समजणार? त्याच्या गुरूनं त्याला शिकवलेलं, की भिंत भरीव पाहिजे, पोकळ भिंत म्हणजे माल खाल्लेली भिंत. त्याला वाटलं, फट ठेवलीय ती भरायलाच ठेवलीय. आणि भरली हो त्यानं, काम सुटल्यावर थांबून थांबून भरली, विटांचे तुकडे, उरलेला माल, सगळं ठासून. कोणी सांगितलं नव्हतं, स्वतःहून. घरी येऊन मला म्हणाला, ताई, अशी भिंत बांधलीय, तोफ लावली तरी हलायची नाही. छाती एवढी फुगलेली. मी म्हटलं, शाब्बास रे —

काय?

नाही, घरी म्हणजे — येतो ना तो. येतात माणसं. ताई काय, मला सगळेच ताई म्हणतात, वॉचमनसुद्धा. तुम्ही लिहिताय काय? थांबा की जरा. मी भिंतीचं बोलतेय, माणसाचं नाही. दोष बिल्डरचा आहे, इंजिनियरचा आहे, काच वर करणाऱ्याचा. ते लिहा.

नाव कशाला पाहिजे? पश्चिमेची बाजू सगळी एकानंच बांधली, ते तुम्हाला ऑफिसातही कळेल. तिथून येऊ दे, माझ्या तोंडून नको. माझा आहे तो, पाठचा, आईनं जाताना माझ्या हातात दिलेला. शेजारच्या प्लॉटवर दुसरी इमारत निघतेय, तिथंही त्यालाच बोलावलंय. तुम्ही एक ओळ लिहिलीत, की बिल्डर बोट दाखवून मोकळा — आमचा नकाशा बरोबर, मिस्त्रीनं खाल्लं. खाल्लं म्हणतील हो त्याला, ज्यानं फुकट जास्त घातलं. मग दारात उभं कोण करील त्याला? हातात थापीशिवाय दुसरं काय आहे त्याच्या?

तुम्ही असं करा ना, नुसतं लिहा, भिंत तापते. कशानं ते कळत नाही, म्हणून लिहा. असं नाही चालत? फोडून बघावी लागेल. आणि फोडली की दिसणार. हो. दिसणारच.

म्हणजे एक तर काका जाणार, नाही तर माझा भाऊ बुडणार. वा. छान नियम आहे तुमचा. गार भिंतीला बक्षीस ठेवलंत, पण ती बांधणाऱ्याला दोन शब्द सांगायचं कोणाचं काम, ते कुठंच लिहिलं नाहीत. आणि माझी जीभ. ही जीभ हासडून काढली पाहिजे.

खोडा ते. खोडा म्हणते ना. मी काही बोलले नाही, बाईमाणसाच्या गप्पा, वेळ जात नव्हता म्हणून. काकांचं काय, म्हातारं माणूस, या वयात कुठंही उकडतंच. सरबराई होईल तिथं, घंटा आहे. माझ्याकडे असं बघू नका. उठा, तो बघा आला तुमचा माणूस, मिळाली किल्ली. पाटीवरचं कापड ओढा आणि टाळ्या वाजवा —

अहो काका, तुम्ही कशाला बाहेर आलात? आणि हा इस्त्रीचा सदरा घालून? आत व्हा, झळ लागेल.

नाही, काका. हे ते साहेब नाहीत. ते आज आलेच नाहीत.