सहलीचा कौल

साठ सालच्या सुमाराला मी पोलादपूरच्या डोंगरातल्या एका शाळेवर मास्तर होतो, तेव्हाचं सांगतो. खोटं वाटलं तर आजचा चहा माझ्याकडून. पोरांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. श्रीवर्धनची सहल ठरवली, तर पालक म्हणाले, “गुर्जी, आधी देवाला कौल लावा.” म्हणजे देवाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. धोंडू गुरवाने कौल लावला आणि डावी पडली. पोरांची तोंडं एवढीशी झाली.

मी विचारलं, “धोंडूबा, तुम्ही समुद्र पाहिलाय?”

“नाय बा. आमाला कोन नेतंय?”

“मग देवाला नीट विचारा. पोरांबरोबर गुरव गेला तर चालेल का?”

उजवी पाकळी धोंडूबाने हात काढायच्या आत पडली.

श्रीवर्धनला पोरं मनसोक्त भिजली. दिवस कलला, एस.टी.चा ड्रायव्हर हाका मारून दमला, पोरं गाडीत जाऊन बसली. धोंडूबा मात्र गुडघाभर पाण्यात, हातात नारळ आणि नारळावर दोन पाकळ्या.

“धोंडूबा, चला आता.”

“थांबा गुर्जी. दोनदा इचारलं, देव अजून नायच म्हनतोय.”