पांढरी पाटी

(ओझरच्या शिवारातला गोठा. वरातीची घोडी मैना मखमली झूल चढवून उभी. समोरच्या भिंतीवर दोन पाट्या टांगलेल्या, एक काळी, एक पांढरी. सहादू आणि त्याची मुलगी निकिता.)

सहादू : लगाम सोड, निके. टेम्पो उभा हाय बाहेर.

निकिता : नाही सोडणार. आबा, तिनं आत्ता पांढऱ्या पाटीला नाक लावलं. तुमच्यादेखत लावलं.

सहादू : लावलं तर लावलं! माशी बसली आसंल.

निकिता : माशी? काळी पाटी म्हणजे झूल घाला, पांढरी म्हणजे काढा. सगळा हिवाळा शिकवलंय तिला. पहाटे गारठा असला की काळीकडे जाते, ऊन चढलं की पांढरीकडे. तुम्हीच आईला कौतुकानं सांगत होता.

सहादू : ते गोधडीपुरतं व्हतं. खेळ म्हणून चालवून घेतलं. ही वरातीची झूल हाय. तिकडं दिंडोरीला नवरदेव खोळंबलाय, आन् मी काय सांगू? घोडी नाय म्हणती?

निकिता : हेच सांगा.

सहादू : लोकं तोंडावर हसतील माझ्या! अगं, गुळासाठी नाक लावती ती.

निकिता : गूळ दोन्ही पाट्यांना मिळतो. मग एवढ्या गारठ्यात काळी सोडून पांढरीच का? मागच्या वरातीत तिच्या पायाशी फटाक्यांची माळ लावली त्या टवाळांनी. डीजेसमोर नुसती थरथरत होती बिचारी. तेव्हापासून ही मखमल अंगावर आली की ती पांढरीकडे जाते.

सहादू : पाठ बघितली, खूर बघितलं. कुठं खरचटलंय, दाखव.

निकिता : रक्त निघाल्यावरच ऐकायचं का?

सहादू : लय शेफारून ठेवलंस जनावराला. खाती माझं आन् ऐकती तुझं. सोताचं घर टिकवता आलं नाय, चालली घोडीचं भलं करायला!

निकिता : आलात ना शेवटी त्याच्यावर? बरं झालं. साखरपुड्याआधी मीही नाही म्हणाले होते. तुम्ही पाहुण्यांना हसत हसत सांगितलंत, पोरगी लाजतेय.

सहादू : मंग कारण काय दिलं व्हतंस तवा? सांग की! पोरगा नोकरीला, घरदार चांगलं. काय खोट व्हती त्याच्यात?

निकिता : नको होता. एवढंच. तेवढं पुरलं नाही तुम्हाला.

सहादू : जिभेला हाड नाय तुझ्या. सरक बाजूला. ह्या पाट्याच नको माझ्या गोठ्यात.

निकिता : आबा, राहू द्या! आबा, हात नका लावू त्यांना!

सहादू : ही गेली काळी. आन् ही पांढरी. चुलीत घालीन दोन्ही. आता बोल म्हणावं तिला, काय बोलायचं ते.

निकिता : मोडलीत. झालं समाधान?

सहादू : झालं. आण तो लगाम इकडं. चल गं मैना. चल... ए, तिकडं कुठं वळती?

निकिता : मी काही केलेलं नाही. हात बघा माझे.

सहादू : भिंतीत काय हाय आता? काय हुंगती ती?

निकिता : पांढरी पाटी होती ती जागा. तिथं नाक लावून उभी आहे.

सहादू : पाटी नाय तिथं.

निकिता : ते तिलाही दिसतंय.

सहादू : मैने, चल म्हणतो ना. चल की गं... हालंना.

निकिता : ओढा की. ताकद आहे तुमच्यात.

सहादू : गप बस. तो खिळा तसाच राहिलाय तिथं, नाकाला लागंल तिच्या. झूल काढ आधी.

निकिता : आणि टेम्पोवाल्याला काय सांगू? घोडी लाजतेय?

सहादू : नाय. घोडी नाय म्हणती, आसं सांग.