घरात किती माणसं

मुरबाडकडच्या एका सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीपाशी महिपत रांगेत उभा होता. त्याच्या पुढे वाडीवरची गुणा, आणि तिच्या हाताला धरून लेक वर्षा. पोरीच्या बोटांच्या बेचक्यांत पिकलेली खरूज दिसली, तसा महिपत हातभर मागे सरला. खिडकीतली सिस्टर आधीच वैतागली होती.

“परत आलीस? औषध लावलं नव्हतंस का?”

“लावलं ना. घरातल्या चौघांना, मानेपासून तळव्यापर्यंत, एकाच राती. गोधड्या पन उकळल्या. पोर बरी झाली.”

“मग?”

“मग आश्रमशाळेत सोडली. पंधरा दिसांत खरूज घेऊन परत. ही तिसरी खेप.”

“तिथं आणखी कोणाला आहे?”

“चाळीस पोरी हायेत, एका गादीवर दोघी. समद्या खाजवतात. जिची लय दिसते, तिला घरी धाडतात. औषध कुनालाच नाय.”

“ते शाळेनं बघायचं. तू आपलं घर स्वच्छ ठेव.”

“माजं घर येऊन बघा. पोर दहा महिने तिथं निजते, अन् घान माज्या घरात? तुमी पन सरका काका, अजून लांब सरका. शाळेवाले असेच सरले.”

महिपत जागचा हलला नाही.

“आवाज खाली. मागे लोक खोळंबलेत. औषध माणशी मिळतं. घरात किती माणसं, तेवढं सांग.”

“लिवा, त्रेचाळीस. तीन आमी, अन् हिला धरून चाळीस त्या.”