आपला रणगाडा की शत्रूचा?

भाताचं सोडा रे, पण तो पलटणीचा साहेब माझ्या तोंडावर खोटं बोलला, त्याचा राग मला आजून येतो.

लढाईच्या दिवसांत तो आटगावच्या चावडीवर रणगाड्यांच्या चित्रांचा तक्ता घेऊन बसला होता. "चाकं मोजा, तोफ बघा, वरचा बुरूज गोल की चौकोनी ते बघा. शत्रूचा दिसला तर डबा बडवून गाव जमवा!" आठ दिवस आमाला शाळेतल्या पोरांसारखं घोकायला लावलं.

महिनाभरात पलटणीचा एक रणगाडा बांध फोडून माझ्या कापणीला आलेल्या भातातून गेला. मी भरपाई मागायला तडक चावडीवर साहेबाला गाठलं.

"आपला रणगाडा शेतात शिरतच नाही," साहेब म्हणाला.

"साहेब, पाच चाकं, गोल बुरूज, आखूड तोफ. तुमच्याच तक्त्यावर आपल्या रणगाड्यांत पयला हाय."

"सांगितलं ना, तो आपला नव्हता!"

मी कोपऱ्यातला रॉकेलचा रिकामा डबा उचलला आणि त्याच्यासमोरच बडवायला लागलो.

"अरे, काय करतोस?"

"तुमीच शिकवलं ना? आपला नाय, म्हणजे शत्रूचा!"

माणसं धावत आली, तसा साहेब ओरडला, "आपलाच होता रे, आपलाच!"

आपलाच होता म्हणे. बांध मात्र माझा मलाच घालावा लागला.